ब्रह्मा कोंबडी: वजन, रंग आणि प्रदर्शन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या परड्यात (सांगली जिल्हा) अकरा वर्षं लाइट ब्रह्मा (पांढऱ्या अंगाच्या, काळ्या मानेच्या थोराड कोंबड्या) आहेत. फोनवर आणि आठवडी बाजारात लोक फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. धंद्याचा हिशोब इथे मिळणार नाही. हा नाद आहे.

ब्रह्मा ही आपलीच जात का? नाव तर आपलं वाटतं.

नाव आपल्या नदीचं, पक्षी अमेरिकेत घडवलेला. १८४० च्या दशकात शांघाय बंदरातून पायांवर पिसं असलेल्या थोराड कोंबड्या अमेरिकेत गेल्या. त्यांत चितगावकडच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, कोंबड्यांचं रक्त मिसळलं आणि डोक्यावरचा बसका वाटाणा-तुरा तिकडूनच आला, असं मानतात. आधी ‘ब्रह्मपुत्रा’ म्हणत, मग लोकांनी नाव तोडून ‘ब्रह्मा’ केलं. त्या काळात तिकडे कोंबड्यांचं अक्षरशः वेड पसरलं होतं. १८४९ मध्ये बोस्टनला कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. १८५२ मध्ये जॉर्ज बर्नहॅम नावाच्या हुशार व्यापाऱ्याने नऊ पक्षी थेट व्हिक्टोरिया राणीला भेट पाठवले आणि भाव आणखी चढवून घेतले. जाहिरात कशी करावी हे त्याला आपल्या आधी कळलं होतं. १८७३ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी जातींची मानकं छापली. लाइट आणि डार्क (राखी-काळ्या) ब्रह्मा त्या पहिल्याच पुस्तकात आहेत. बफ, म्हणजे सोनेरी, १९२४ मध्ये आली.

असील, कडकनाथ, बुसरा असताना परदेशी जात कशाला?

टोमणा मान्य. बुसरा तर आपल्या नंदुरबारकडची आणि गुजरातच्या सीमेवरची, नोंदणीकृत देशी जात, आणि तिची अशी निगुतीने निवड करणारे फार थोडे. तुम्ही बुसरावर हेच काम केलंत तर मला आनंदच होईल. खाली निवडीबद्दल जे लिहिलंय ते तिलाही लागू पडतं, फक्त वजनाचा आकडा बदला. आणि असील परदेशात कधीच पोचली आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये तिच्यापासून कॉर्निश जात घडली, आणि आजच्या ब्रॉयलरच्या बापाकडची बाजू कॉर्निशची. ढाब्यावरच्या तंदुरीतही थोडा असील असतोच.

पुऱ्या वाढीचा ब्रह्मा किती किलोचा असावा? आठ किलोचा म्हणून विकतात.

अमेरिकन मानक असं: वर्षावरचा कोंबडा १२ पौंड, म्हणजे साधारण ५.४ किलो. वर्षाच्या आतला कोंबडा ४.५, पुरी कोंबडी ४.३, तलंग (वर्षाच्या आतली मादी) ३.६ किलो. ब्रिटिश मानकात कोंबडी याहून थोडी हलकी चालते.

२०१७ मध्ये कोसोव्होतला एक अवाढव्य ब्रह्मा खुराड्यातून बाहेर येतानाचा व्हिडिओ जगभर फिरला. तो अजूनही मला महिन्यातून एकदा कुणीतरी पाठवतं. तसा पक्षी अपवाद असतो. बाजारातला ‘आठ किलो’ मात्र बहुतेक वेळा पिसांचा असतो. पाठीवर हात ठेवून बोटं आत सरकवा. चार बोटं बुडाली तरी अंग लागत नाही, इतकी पिसं असतात. मग ताणकाट्याला कापडी पिशवी अडकवा, पक्षी डोकं बाहेर ठेवून आत घाला आणि आकडा बघा. विकणाऱ्याला काट्याचं नाव काढल्यावर राग आला तर उत्तर मिळालं म्हणून समजा.

मोठ्ठा कोंबडा आणला, तरी पिल्लं लहानच निघतात. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर एका शब्दात: कोंबड्या. लोक दहा-बारा हजार मोजून कोंबडा आणतात आणि त्याच्याखाली अडीच-तीन किलोच्या माद्या ठेवतात. अंगाचा आकार एका जनुकाचा खेळ नाही. बरीच जनुकं मिळून तो ठरतो आणि निम्मी आईकडून येतात. शिवाय लहान कोंबडीचं अंडं लहान, लहान अंड्यातलं पिल्लू लहान, म्हणजे सुरुवातही मागूनच. मी पहिली चार वर्षं हीच चूक केली. कोंबडे देखणे निवडले, माद्या ‘मानेवर काळं छान आहे’ म्हणून ठेवल्या. चौथ्या वर्षी सगळ्यात भारी तलंग २.९ किलोची निघाली. रंग कॅलेंडरवर छापावा असा, आणि अंग गावठी कोंबडीचं.

अमेरिकेतले जुने ब्रीडर म्हणतात, आधी गोठा बांधा, मग रंग द्या. ब्रह्मामध्ये आकार हळूहळू जमतो आणि दोन पिढ्यांत निसटतो. रंग त्यामानाने लवकर सुधारतो. म्हणून माझा नियम असा की रंगात एखादा दोष असलेली पण चार किलोची, रुंद पाठीची कोंबडी ठेवायची, आणि बिनदोष रंगाची तीन किलोची काढून टाकायची. जीव तुटतो, पण काढायची.

दुसरं कारण घाई. ब्रह्माचा सांगाडा भरायला दीड ते दोन वर्षं लागतात. पाचव्या महिन्यात लांब पायांचा, हडकुळा, वेडाविद्रा दिसणारा पोरगेला कोंबडा बहुतेक वेळा पुढे चांगला निघतो. त्या वयात जो गोल, नेटका दिसतो तो तिथेच थांबतो. मी असा एक हडकुळा शेजारच्या गावात सातशे रुपयांना दिला होता. पुढच्या दिवाळीत त्याला बघून आलो आणि रात्री जेवलो नाही.

तिसरं खाद्य. सुरुवातीला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं स्टार्टर, नंतर ग्रोअर. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर मॅश वाढत्या पिल्लांना घालू नका. त्यातला जादा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. आणि ब्रॉयलरसारखं ठासून चारलं की पाय वाकडे होतात.

पिल्लांतून निवड कधी आणि कशी करायची?

तीन वेळा.

आठव्या आठवड्यात फक्त दोष बघा: वाकडी बोटं, वाकडं छातीचं हाड, तिरकी चोच, पिसं नसलेले पाय, एकेरी तुरा. हे तिथेच वेगळे.

पाचव्या-सहाव्या महिन्यात अंग बघा. दोन्ही हातांनी पाठ धरा. खांद्यापासून शेपटीकडे जाताना पाठ निमुळती होता कामा नये. पायाची नळी जाड हवी. डोकं रुंद आणि डोळ्यांवर कपाळाची छपरी आलेली हवी. ब्रह्माचा चेहरा थोडा रागीट दिसतो तो त्यामुळे, आणि अरुंद डोक्याच्या पिल्लाचं अंगही बहुधा अरुंदच निघतं.

रंग शेवटी, पुरी पिसं आल्यावर. पिल्लाच्या लवेवरून रंगाचा निवाडा करू नका. पाठीवर धुरकट छटा असलेली पिल्लं लोक ‘मिक्स’ म्हणून टाकून देतात. लाइटमध्ये ती छटा अगदी नेहमीची असते.

चाळीस पिल्लांतून माझ्याकडे तीन कोंबडे आणि सहा-सात माद्या उरतात. दहा पिल्लं काढून निवड होत नाही, ती फक्त आशा असते.

आणि वही. पिल्लू अंड्यातून आलं त्याच दिवशी बोटांमधल्या पडद्याला बारीक पंचने भोक पाडतो. दोन पायांचे मिळून चार पडदे, म्हणजे भोक असण्या-नसण्याच्या सोळा खुणा होतात. कुठलं पिल्लू कुठल्या कोंबडीचं ते आयुष्यभर कळतं. प्लास्टिकच्या कड्या गळतात, स्मरणशक्ती तर त्याआधीच गळते.

लाइट ब्रह्माचा रंग नेमका कसा हवा?

अंग पांढरं. मानेची पिसं काळी आणि प्रत्येक पिसाला पांढरी स्वच्छ किनार. एक पीस उपटून काळ्या कागदावर ठेवा, किनार टोकापर्यंत अखंड दिसली पाहिजे. शेपूट काळी. पंख मिटला की पांढरा, उघडला की आतली लांब पिसं काळी. कोंबडीच्या पाठीवर काळे शिंतोडे हा दोष.

एक गोष्ट पुस्तकं वाचून कळत नाही. पाठीवरची पिसं फुंकर मारून उघडा आणि मुळाशी बघा. तिथे निळसर राखी लव असेल तर त्या ओळीत (म्हणजे त्या वंशात) मानेचं आणि पंखांचं काळं टिकतं. मुळापर्यंत पांढरेशुभ्र पक्षी जोडत गेलात की तीन-चार पिढ्यांत मान फिकी पडते.

पांढऱ्यावर पिवळट झाक का येते?

कारणं दोन प्रकारची आणि उपाय अगदी वेगळे.

एक बाहेरचं: ऊन, जुनी पिसं, पिसं झडून नवी येताना भरपूर पिवळा मका. नव्या पिसांच्या दिवसांत मका कमी करा, दुपारी सावली द्या, पुढच्या पिसांत फरक दिसतो.

दुसरं रक्तातलं. पांढरा (इंग्रजीत ज्याला सिल्व्हर म्हणतात तो) आणि सोनेरी ही एकाच जनुकाची दोन रूपं आणि तो लिंगगुणसूत्रावर बसतो. कोंबड्याकडे त्याच्या दोन प्रती, कोंबडीकडे एकच. म्हणून कोंबडी एकतर पांढरी नाहीतर सोनेरी, तिला काही लपवता येत नाही. कोंबडा मात्र एक प्रत पांढरी आणि एक सोनेरी घेऊन फिरतो, आणि खांद्यावर-पाठीवर पितळी झाक दाखवतो. सावलीत वाढवूनही नव्या पिसांत ती झाक आली तर मागे कुठेतरी बफ आहे. असा कोंबडा वापरलात की निम्म्या मुली थेट सोनेरी.

मग लाइट आणि बफ जोडल्या तर?

लाइट कोंबडा आणि बफ कोंबडी: मुली शुद्ध पांढऱ्या, मुलगे पितळी. उलट जोडी लावलीत, बफ कोंबडा आणि लाइट कोंबडी, तर मुली सोनेरी, मुलगे पुन्हा पितळी. एखाद्या लहान बांध्याच्या बफ ओळीत लाइटचं अंग आणायचं असेल तर हा रस्ता आहे, पण चार-पाच वर्षं हातात ठेवा. ‘बघू काय निघतंय’ म्हणून जोडू नका.

डार्कचं दुखणं निराळं. तिथे कोंबड्याची छाती काळीभोर हवी आणि कोंबडीच्या प्रत्येक राखी पिसावर बारीक काळ्या रेघा एकात एक हव्यात. दोन्ही एका जोडीतून क्वचितच निघतं, म्हणून तिकडचे लोक कोंबड्यांसाठी एक कळप आणि माद्यांसाठी दुसरा ठेवत आले आहेत. आपल्याकडे एक खुराडं सांभाळताना नाकीनऊ येतात.

वजन वाढवायला कोचीन किंवा ब्रॉयलर वापरला तर?

कोचीन ही कोंबडीची दुसरी जात. तिचा तुरा एकेरी, ब्रह्माचा वाटाणा. पहिल्या पिढीत वाटाणा जिंकतो, फक्त थोडा उंच आणि वेडावाकडा दिसतो. त्याच पिढीतली भावंडं एकमेकांना जोडली की चारात एक एकेरी तुरा. वर कोचीनचा गोल उशीसारखा बांधा आला की ब्रह्माचा उंचपणा गेला. ब्रॉयलर तर नकोच. सहा आठवड्यांत फुगणारं ते अंग ब्रह्माच्या हाडांवर बसवायचं नसतं. अमेरिकेत ‘हेरिटेज’ कोंबडीची जी व्याख्या २००९ मध्ये केली, तिची एक अटच अशी आहे की पक्षी बाजाराच्या वजनाला सोळा आठवड्यांच्या आत येता कामा नये, आणि मादीने पाच-सात वर्षं पैदाशीत टिकलं पाहिजे. सावकाशपणा हा त्या जातीचा गुण धरला आहे.

एकाच रक्तात जोड्या लावल्या तर चालतात का?

हिशोबाने चालतात. बाप-लेक, आई-लेक अशी जोडी जपून वापरता येते. मॅसॅच्युसेट्सच्या नॅटिक गावचा आयझॅक फेल्च हा एकोणिसाव्या शतकातला लाइट ब्रह्माचाच ब्रीडर. त्याने एका जोडीपासून रक्त कसं वाटत न्यायचं याचा तक्ता बनवला, तो आजही वापरतात. सख्खी भावंडं पिढ्यानपिढ्या जोडत गेलात तर सगळ्यात आधी अंडी उबायची थांबतात.

मी सोपं करतो. तीन खुराडी, तीन घराणी. मुली आईच्या खुराड्यात राहतात, मुलगे दरवर्षी शेजारच्या खुराड्यात सरकतात. आमची आई याला ‘कोंबड्यांची सोयरीक’ म्हणते.

अंडी फळत नाहीत. उबवायला कधी घालू?

आधी कात्री घ्या. ब्रह्माच्या बुडाभोवती इतकी मऊ पिसं असतात की कोंबडा चढतो पण काम होत नाही. नर-मादी दोघांची तिथली पिसं पैदाशीच्या दिवसांत छाटा. एका कोंबड्यामागे सहा-सात माद्या पुरे. तो जड गडी आहे.

मी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उबवतो, म्हणजे वाढीचे पहिले महिने थंडीत जातात. जानेवारीतली पिल्लं पुढच्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनात वर्षाच्या आतल्या गटात उतरतात, पण त्यांचा कोवळा काळ नेमका एप्रिल-मेच्या तोंडी जातो. बक्षीस हवं की बांधा, तुम्ही ठरवा.

बाहेरून मागवलेली अंडी आली की टोकदार बाजू खाली करून दिवसभर तशीच ठेवा आणि मगच यंत्रात घाला. एकदा दुसऱ्या राज्यातून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून बावीस अंडी मागवली. भुसा, खोकं, वर ‘नाजूक’ असं लिहिलेलं. टॉर्च लावून पाहिलं तर सतरा अंड्यांतली हवेची पोकळी पाण्याच्या बुडबुड्यासारखी इकडून तिकडे फिरत होती. बावीसमधून दोन पिल्लं निघाली, दोन्ही कोंबडे.

पावसाळ्यात पायांच्या पिसांचं काय करायचं?

चिखलात सोडू नका, एवढंच खरं उत्तर. जाड भाताचं तूस, ओलं झालं की बदला. ओली पिसं सुकत नाहीत, चिकटलेल्या विष्ठेचे गोळे होतात, तळपायाला गळू येतं. नळीचे खवले उचललेले दिसले तर आत बारीक किडा आहे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन काही आठवडे सतत चोळा. एका वेळेला लावून जात नाही.

आणि उन्हाळा?

पारा ३५ च्या वर गेला की ब्रह्मा चोच उघडून धापा टाकतो. दाट सावली, थंड पाणी, वारा खेळता. पसरट घमेल्यात चार बोटं पाणी ठेवलं तर त्यात उभे राहतात. पत्र्याच्या शेडवर उसाचा पाला टाका. दुपारी खायला घालू नका, पहाटे आणि दिवस मावळताना घाला.

प्रदर्शनासाठी पक्षी तयार कसा करायचा?

दोन आठवडे आधी पिंजऱ्याची सवय लावा, नाहीतर पक्षी कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि पाच किलोचा तीन किलोचा दिसतो. रोज उचला, पंख उघडा, पाय तपासा. परीक्षक हेच करणार आहेत.

दोन-तीन दिवस आधी अंघोळ. तीन टब कोमट पाणी. पहिल्यात लहान मुलांचा शांपू, पिसांच्या दिशेनेच हात फिरवायचा. दुसऱ्यात साध्या पाण्याने फेस घालवायचा. तिसऱ्यात चमचाभर व्हिनेगर आणि कपड्यांची नीळ, एक किंवा दोन थेंब. मी पहिल्या वर्षी ‘जरा उजळ दिसू दे’ म्हणून टोपणभर ओतली. कोंबडा आकाशी झाला. शाळेच्या गणवेशाच्या शर्टासारखा. प्रदर्शनात लहान मुलं फोटो काढायला रांगेत, परीक्षक न थांबता पुढे.

नंतर टॉवेल, ड्रायर, कोरडं तूस. तुऱ्याला आणि पायाच्या खवल्यांना खोबरेल तेलाचं बोट.

पिसं रंगवणं किंवा दोष लपवायला कापणं-उपटणं ही फसवणूक आहे. अमेरिकन नियमात अशा पक्ष्याला बाद करतात, आणि केलंच पाहिजे.

परीक्षक काय बघतात?

तिकडे ब्रह्मा ‘एशियाटिक’ वर्गात, कोचीन आणि लँगशानबरोबर असतो. वर्षाच्या आतले-वरचे, नर-मादी असे चार गट. आधी रंगातला उत्तम, मग जातीतला, मग वर्गातला. गुडघ्यामागे मागे रोखलेली ताठ लांब पिसं, वाटाण्याऐवजी वेगळा तुरा, असल्या गोष्टी दिसल्या की पक्षी बाद.

आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनांत बरेचदा मानक कुणाच्या हातात नसतं. सगळ्यात मोठा दिसणारा, सगळ्यात जोरात आरवणारा आणि ज्याच्याभोवती गर्दी जास्त, तो पहिला. वाईट वाटून घेऊ नका. आयोजकांकडे निदान ताणकाटा मागा. दोन वर्षं मागितल्यावर एका ठिकाणी ठेवला, त्या दिवशी निकाल उलटसुलट झाले.

कुणी ‘प्रदर्शनानंतर जरा झुंज लावू’ म्हणालं तर पक्षी उचलून घरी या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी घालणाऱ्या १९६० च्या कायद्याने झुंजी हा गुन्हा आहे.

प्रदर्शनातून आजार आले तर?

येऊ शकतात, म्हणून परतलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळा. त्याचं खाद्य-पाणी सगळ्यात शेवटी करा, चपला वेगळ्या ठेवा. मानमोडी, देवी, गंबोरोच्या लसी वेळापत्रकाप्रमाणे झालेल्या हव्यात, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात निघाला होता. आसपास साथीची बातमी असेल त्या वर्षी प्रदर्शन नाही म्हणजे नाही.

निवडीत न बसलेल्या पक्ष्यांचं काय करता?

माद्या अंड्यांसाठी ओळखीच्या घरी जातात, ‘पैदाशीला वापरू नका’ असं सांगून. ते ऐकत नाहीत. जादा कोंबड्यांचा रस्सा होतो. ब्रह्मा १९३० च्या दशकापर्यंत अमेरिकेत मुख्यतः खाण्याचाच पक्षी होता, आणि आठ-नऊ महिन्यांच्या कोंबड्याचा तांबडा रस्सा काय असतो ते खाल्ल्याशिवाय कळणार नाही. कुकरला शिट्ट्या जरा जास्त लागतात. आमची धाकटी त्या दिवशी वरण-भात खाते. तिने नावं ठेवलेली असतात.

तुमच्याकडे उबवणीची अंडी मिळतील का?

ऑक्टोबरअखेर माझी पिल्लं निघाली की पुढची अंडी देतो. स्वतः येऊन न्यायची, मांडीवर ठेवून. ट्रॅव्हल्सने पाठवत नाही. आणि येताना तुमच्या माद्यांची वजनं कागदावर लिहून आणा, कोंबड्याचा फोटो नको.